नाणेघाट : पायांखालच्या दगडाचा अभ्यास

नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्या नाहीत. वर ब्राह्मी अक्षरांत नावे राहिली आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर. आणि खाली राहिले आहेत पावलांचे थोडे अवशेष. धड गेले, चेहरे गेले, पावले तेवढी उरली.

पहिल्यांदा ही पावले पाहिली तेव्हा मी पंचविशीत होतो आणि मला त्यांत काही विशेष वाटले नव्हते. बाजूच्या भिंतींवरचा लेख मोठा आहे, त्यात अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची नावे आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत या आकड्यांची गणना होते. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, वा. वि. मिराशी अशा विद्वानांनी त्याच्या वाचनावर कष्ट घेतले. लेखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पण ज्या वाटेच्या माथ्यावर तो कोरला, ती वाट कशी बांधली आहे, पायरी कुठे आहे आणि कुठे नाही, याबद्दल मला फारसे वाचायला मिळाले नाही. प्रस्तुत लेख त्या वाटेबद्दल आहे.

आधीच सांगायला हवे, की मी ना भूगर्भशास्त्राचा पदवीधर आहे, ना पुरातत्त्वाचा. नोकरी टेलिफोनच्या केबली जोडण्याची केली. जे शिकलो ते ग्रंथालयात आणि सुटीच्या दिवशी डोंगरात. गेली वीस-बावीस वर्षे घाटवाटा चढता-उतरताना वही जवळ ठेवतो. त्या वहीतून हा लेख निघाला आहे.

वाट किती लांबची?

आपण नाणेघाट म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती माथ्यावरची अरुंद खिंड, शेजारचा नानाचा अंगठा आणि दगडी रांजण. पण हा एका फार लांबच्या वाटेतला सगळ्यांत खडकाळ तुकडा आहे. एका टोकाला गोदावरीकाठचे पैठण, त्याच्याही पलीकडे तेर, मध्ये जुन्नर, घाट उतरल्यावर कल्याण आणि पुढे सोपाऱ्याचे बंदर. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर ही दोन्ही गावे येतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या चालीवर आणि तेथून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या चालीवर, असे त्यात अंतर दिले आहे. अंतर दिवसांत मोजले आहे, हे महत्त्वाचे. चालणाऱ्याला कोस कळून उपयोग नसतो. मैदानातला कोस आणि घाटातला कोस सारखा नाही.

जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली आणि तिथल्या काही लेखांत यवन दात्यांची नावे आहेत. एवढी वर्दळ जिथून जात होती, तिथे माल घेऊन सह्याद्रीची कड ओलांडावी लागत होती. वैशाखऱ्याच्या बाजूने आज मोकळ्या हाताने चढायला अडीच-तीन तास लागतात. पाठीवर ओझे असलेल्या माणसाला आणि जनावराला किती लागत असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

दगड मुळात पायरीचाच

ही चढण समजून घ्यायची तर आधी दगड समजून घ्यावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. दोन उद्रेकांच्या मध्ये कधी थोडा काळ गेला, कधी फार मोठा. आज शिल्लक असलेला हा थरांचा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच उभा आहे. शास्त्रज्ञ याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडिश भाषेतल्या ‘त्राप्पा’ या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ जिना. दुरून पाहिले की हे डोंगर जिन्यासारखे दिसतात, म्हणून ते नाव.

जिना का दिसतो? सगळे थर सारख्या कडकपणाचे नाहीत. काही थर घट्ट, भरीव, काळ्या दगडाचे. थंड होताना त्यांना उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांवरून दगडाचे तुकडे सरळ तुटतात आणि उभी भिंत राहते. तिला आपण कडा म्हणतो. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले, मग त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजे भरली. हा दगड तुलनेने लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, मातीवर गवत आणि झाडी येते. तिथे उतार सौम्य होतो. त्याला आपण पदर म्हणतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातकट दगडाचा पट्टा दिसतो. तो मऊ असतो, पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, आणि म्हणून त्याच्या वरच्या अंगाने झरे फुटतात.

थोडक्यात, कडा, पदर, कडा, पदर असा डोंगर उभा आहे. आणि हे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे एकच पदर डोंगराच्या कुशीतून कोसच्या कोस एका पातळीत जातो. ज्याला हे कळले त्याला सह्याद्रीतली निम्मी वाट कळली. पदरावरून आडवे चालायचे आणि कडा फुटलेला कुठे आहे ते शोधायचे. कडा फुटण्याच्या जागांना आपल्या भाषेत नेमकी नावे आहेत. पाण्याने भेग पोखरून केलेली उभी घळ ती नाळ किंवा नळी. दोन शिखरांमधला खोलगट भाग ती खिंड. डोंगराचा खाली उतरत गेलेला दांडा ती सोंड. यातले काहीच नसेल, तिथे माणसाने दगडात खोबण्या खोदल्या, त्या पावठ्या. किंवा लाकडाची शिडी लावली, ती निसणी.

पायरी कुठे आहे?

नाणेघाट खालून चढताना बराच वेळ पायरी लागत नाही. झाडीतून वळणे घेत जाणारी पायवाट आहे, मुरूम आणि सुटे धोंडे आहेत. हा पदराचा भाग. वर कड्याच्या पट्ट्यात शिरले की ओबडधोबड दगडांच्या पायऱ्या सुरू होतात, कुठे रचलेल्या, कुठे कातळातच काढलेल्या. शेवटी तर दोन्ही बाजूंना उभी भिंत आणि मध्ये फरसबंद चढण. वहीत मी दरवेळी नोंद करत गेलो आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. बांधणाऱ्यांनी जिथे डोंगर स्वतः वाट देतो तिथे हात लावलेला नाही. जिथे कडा आडवा येतो तेवढीच पायरी आहे. हे श्रम वाचवण्यासाठी केले हे उघड आहे, पण त्यामागे दगडाची पारख आहे. मुरमाच्या उतारावर पायरी बसवली तर पहिल्या-दुसऱ्या पावसात तिच्याखालची माती जाते आणि पायरी सुटून तीच घात करते. कातळावर बसवलेली पायरी टिकते.

पायऱ्यांची उंची सारखी नाही. एखादी वीतभर, तर पुढची गुडघ्याला येणारी. सुरुवातीला मला हा ढिसाळपणा वाटला. नंतर पाथरवटकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराला फोटो दाखवले. तो म्हणाला, “दगड जिथं सुटतो तिथं सोडवलाय. त्याच्या मनाविरुद्ध फोडला असता तर इतकी वर्षं राहिला नसता.” कातळाच्या नैसर्गिक भेगेवर पायरीची उंची ठरली होती.

वाट कोणासाठी होती, हेही पायरीवरून कळते. ओझ्याच्या बैलाला उंच पायरी चढवत नाही, आणि उतरताना तर पाठीवरचे ओझे पुढे सरकते. त्याला रुंद वळणांची, लांबची वाट लागते. माणूस मात्र हाताने धरून चढू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी एकाच गावातून वर जाणाऱ्या दोन वाटा असतात. भीमाशंकरला खांडसहून जाणारे शिडी घाट आणि गणेश घाट हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. शिडी घाट जवळचा आणि कड्याला भिडणारा; गणेश घाट लांबचा आणि सोपा. नकाशात एखाद्या वाटेचे नाव बैलघाट असेल तर ती वाट वळणे घेणार, नाळ असेल तर धोंड्यांतून जाणार, आणि माकडनाळ असेल तर वाचकांनी घरी सांगून निघावे.

पाय कसा टाकायचा

इथवर वाटेचे झाले. आता चालणाऱ्याचे. खडकाळ वाटेवर चालणे ही ताकदीची गोष्ट आहे असा तरुणपणी माझा समज होता. तो एका सकाळी गेला.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशेजारून वर येणारी नळीची वाट बेलपाडा गावातून सुरू होते. सगळी वाट धोंड्यांची. गावातले एक वयस्क गृहस्थ वाट दाखवायला बरोबर होते. पायात टायरच्या चपला. मी नवे बूट घालून भराभर पुढे गेलो. एका ठिकाणी हाताने मोठा धोंडा धरून अंग वर ओढले आणि धोंडा माझ्यासकट निघाला. मी बाजूला पडलो म्हणून वाचलो. धोंडा खाली गेला. बाबा दहा-बारा हात खाली होते, पण ते माझ्या रेषेत नव्हते. नळीच्या दुसऱ्या अंगाला भिंतीला लागून उभे होते. वर आले, माझे खरचटलेले कोपर पाहिले आणि म्हणाले, “दादा, धोंड्याचा रंग बघायचा. तांबडा लागलाय म्हणजे तो अजून बसला नाही.”

त्या दिवसापासून मी रंग बघायला शिकलो. वर्षानुवर्षे एका जागी असलेल्या धोंड्यावर करडे-पांढरे दगडफूल चढलेले असते, त्याच्या कडा बोथट असतात. नुकत्याच आलेल्या धोंड्याच्या कडा धारदार, अंग काळे-निळे, खाली-बाजूला ओली तांबडी माती. पहिल्यावर पाय टाकण्याआधी एकदा दाबून बघावे, दुसऱ्यावर शक्य तर टाकूच नये. हात लावायचा तर दगड आपल्याकडे ओढू नये, खाली दाबावा. ओढला की तो त्याच्या बैठकीतून सुटतो, दाबला की आणखी बसतो. आणि बाबा जिथे उभे होते ते योगायोगाने नव्हते. नाळेत कुणी वर चढत असेल तर त्याच्या बरोबर खाली राहू नये. दगड सुटला तर सुटण्याच्या क्षणी “दगड!” अशी हाळी द्यावी, संकोच करू नये. वानरांचा कळप वर असेल तर थांबावे. त्यांच्या उड्यांनीही दगड येतात.

सपाट, तिरक्या कातळावर चूक वेगळी होते. भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो. त्याने अंगाचा भार पावलावर सरळ पडत नाही, पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलले जाते आणि घसरते. ताठ उभे राहिले, की वजन पावलातून दगडावर दाबले जाते आणि घर्षण वाढते. पूर्ण तळवा टेकवायचा, पावले आखूड ठेवायची. बुडबुड्यांचा खडबडीत दगड कोरडा असताना पायाला चांगला धरतो. भरीव काळा दगड गुळगुळीत झिजतो आणि शेवाळ आले की काचेसारखा होतो. जुन्या पायऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सगळ्यांचे पाय मधोमध पडतात, म्हणून मधला भाग झिजून घोटीव होतो. ओल असेल तर पायरीच्या कडेने चालावे.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, थांबून थांबून विचार करणारा पडतो. तिथे टाच रोवत, पावले जवळ टाकत, लयीत उतरावे लागते. डिसेंबरनंतर त्यावर वाळके गवत आडवे पडते आणि मुरमाहून गवतच जास्त घसरते. कारवीच्या काठ्या आधाराला बऱ्या, पण वाळलेली काठी कुठली आणि ओली कुठली हे धरण्याआधी पाहावे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांचे हाल अधिक होतात, हे पन्नाशीनंतर कुणी सांगावे लागत नाही. हातात काठी घ्यावी, आणि लाज वाटत असेल तर मेंढपाळांकडे पाहावे.

हे सगळे नियम पुस्तकांत मिळतात. पण बाबांना ते पुस्तकातून आलेले नव्हते. घाटमाथ्यावरची आणि घाटाखालची गावे लग्नसंबंधांनी, बाजारांनी, जत्रांनी जोडलेली होती आणि रोजचे येणे-जाणे याच वाटांनी होते. वाटेचे ज्ञान त्या जाण-येण्यात होते.

काय जात आहे

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून रेल्वे गेली. ओझ्याच्या बैलांचे तांडे हळूहळू थांबले. नाणेघाटाजवळून माळशेजचा रस्ता गेला आणि घाटघर-वैशाखरे असे पायी जाण्याचे कारण उरले नाही. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आजारी माणसाला झोळीत घालून घाट उतरवणाऱ्यांना रस्ता हवाच होता, आणि आपण शहरातल्यांनी त्यांना वाटांचे सौंदर्य सांगू नये.

प्रश्न पुढचा आहे. वाट वापरातून गेली की दर उन्हाळ्यात दगड सावरणारे हातही जातात. पूर्वी निखळलेला दगड येणारा-जाणारा पायाने सरकवून ठेवी, पाण्याची वाट मोकळी करी. आता पावसाचे पाणी थेट वाटेतून वाहते, खालचा मुरूम नेते आणि रचलेली पायरी सुटते. मग कुणीतरी सद्हेतूने सिमेंट ओततो. सुक्या दगडाच्या रचणीतून पाणी झिरपून जाते. सिमेंटखाली ते अडते आणि बाजूने माती पोखरते. चार-पाच पावसाळ्यांनी सिमेंटचा तुकडा अधांतरी राहतो आणि जुना दगडही जागेवर नसतो. अशा दोन वाटा मी आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेत पाहिल्या आहेत. ठिकाणे सांगत नाही, कारण काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना पायरीखालचा दगड कोणता, हे कुणी सांगितले नव्हते.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत जुन्नरचा शिवनेरी आहे, ही आनंदाची गोष्ट. पण किल्ला मोजता येतो, त्याला तट आहे, दरवाजा आहे. वाटेला हद्द नसते. ती एका गावातून निघते, वनखात्याच्या जमिनीतून जाते आणि दुसऱ्या जिल्ह्यात उतरते. तिची नोंद ठेवणार कोण? माझ्या मते हे काम आपल्यासारख्या हौशी माणसांच्या आवाक्यातले आहे. आपल्या भागातली एक घाटवाट घ्यावी. पायऱ्या कुठे सुरू होतात, कुठे संपतात, रचलेल्या आहेत की कोरलेल्या, पाणी कुठल्या थरावर आहे, प्रत्येक वळणाला गावात काय नाव आहे, हे लिहून काढावे. नावे आधी लिहावीत. दगड आणखी काही काळ राहतील. नावे सांगणारी माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत.

बेलपाड्याच्या बाबांना मी नळीच्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याचे नाव विचारायचे ठरवले होते. पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असे म्हणत तीन हिवाळे गेले. गेलो तेव्हा त्यांचा मुलगा भेटला. बाबा पावसाळ्यात गेले होते. मुलगा कल्याणला कामाला जातो. वाट त्याला ठाऊक आहे, नावे सगळी ठाऊक नाहीत. जेवढी आठवली तेवढी त्याने सांगितली. सात मिळाली. ती वहीत आहेत.

त्यानंतर नाणेघाटाच्या लेण्यात पुन्हा गेलो तेव्हा मागच्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ बसलो. त्या राजांची नावे कुणीतरी दगडावर वेळेवर लिहून ठेवली, म्हणून ती पावले कोणाची हे आज आपल्याला सांगता येते.